सकाळच्या रेवाला दिलेला चार्ज

माझ्याकडे येणारं मूल पहिल्या दिवशी काय विसरून येतं, त्यावरून मला त्याच्या घराचा बराचसा अंदाज येतो. वही विसरलं असेल, तर दप्तर दुसरंच कोणीतरी भरतं. अनवाणी आलं असेल, तर त्याला गाडीतून थेट दारात सोडणारं कोणीतरी आहे. एकदा तर शिकवणी संपल्यावर एका मुलाला न्यायला कोणी आलंच नाही. फोन केला तेव्हा त्याचे वडील घरी पानावर बसले होते.

"मॅडम, मले वाटूनच राहिलं होतं, काहीतरी राहिलं म्हणून!" ते धापा टाकत जिना चढून आले. मुलानं दप्तर खांद्याला लावलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पप्पा, आपका भी नाम लिखवा दूँ क्या?"

मी हसले, पण ते गृहस्थ हसले नाहीत. ही अडचण पुष्कळदा घराण्यातून चालत येते. त्यांनाही लहानपणी कोणीतरी 'धांदरट' म्हणून मोकळं झालं असणार.

भिलाईत जुनवानीला माझ्या दोन खोल्या आहेत. आधी मी शाळेत शिकवत होते. मग विशेष मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि हे सुरू केलं. ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांना मी गणित किंवा इंग्रजी शिकवत नाही. दप्तर कसं भरायचं, वस्तूंना जागा कशा ठरवायच्या, एखाद्या कामाला किती वेळ लागेल ते आधी कसं ओळखायचं आणि मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडायचे, एवढंच शिकवते. "याची काय शिकवणी लावायची? दोन रट्टे दिले की येतं," असं म्हणणारे नातेवाईक मी भरपूर पाहिले. ज्यांना पोहता येतं त्यांना पाणी सोपंच वाटतं.

दुर्गच्या एक डॉक्टरीणबाई माझ्याकडे मुलं पाठवतात. मेंदूचं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं, ते मी आईबापांना माझ्या भाषेत सांगते. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, तो कारखान्यातल्या सुपरवायझरसारखा. आधी काय, नंतर काय, आता थांब, ते राहिलं, हे तो बघतो. या मुलांचे कामगार हुशार असतात, सुपरवायझर तेवढा उशिरा तयार होतो. त्याला ओरडून तो लवकर येत नाही. पण रोज त्याच जागी, त्याच क्रमानं एखादं काम केलं की मेंदूत पायवाट पडते, आणि पायवाटेवर चालायला फार विचार लागत नाही. अशा शिकवणीच्या आधी आणि नंतर मुलांच्या मेंदूचं काम यंत्रातून पाहण्याचे प्रयत्न होतात, आणि काही ठिकाणी मेंदूचे भाग आपसात वेगळ्या तऱ्हेनं जुळवून घेताना दिसतात, असं बाई म्हणाल्या. लगेच बोट वर करून पुढे म्हणाल्या, "पण हे अजून कच्चं ज्ञान आहे. आईबापांना वचन देऊ नका."

मी देत नाही. माझ्याकडे यंत्रही नाही. मी मुलाचं दप्तर उघडून बघते.

रेवाचं दप्तर उघडलं तेव्हा त्यात दोन अर्धवट खाल्लेले डबे, एकाच पायाचे दोन मोजे, दगड, मोराचं पीस आणि आदल्या वर्षीचं इतिहासाचं पुस्तक होतं. ती सहावीत होती. सोबत आजोबा होते, वानखेडे आबाजी. मूळचे अमरावतीकडचे, सगळी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलला काढलेली. शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले आणि सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून कोहक्यात बांधलेल्या घरात राहायला आले. रेवा लहानपणापासून त्यांच्याकडे वाढलेली. आईवडील दोघंही नागपूरला नोकरीत.

"आतापावेतो हिची आजी सांभाळत होती," आबाजी म्हणाले. "ते गेली, तवापासून घरात कायचाच पत्ता लागत नाही. ना हिले, ना मले."

मग रेवाला पाणी प्यायला बाहेर पाठवून त्यांनी खरं काय ते सांगितलं. शाळेतून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत होत्या. रेवाच्या वडिलांनी दिवाळीत स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तुमचं वय झालं. वार्षिक परीक्षेपर्यंत हिचं हिनं सांभाळलं तर राहू दे. नाही तर मी तिला नागपूरला घेऊन जाणार." मुलगा काही वाईट बोलत नव्हता. पण आबाजींचा आवाज खाली गेला.

"बाई, तो नेईन तिले. घरात मग मी अन् टीव्ही."

रेवा दारातच उभी होती. पाण्याची बाटली बाहेर विसरून आली होती, ऐकायचं मात्र विसरली नव्हती. "मैं नहीं जाऊँगी," ती म्हणाली. "आबाजीले गोळी कोन देईन?"

मी कामाला लागले. मला याद्यांची आवड आहे. माझ्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत आणि चिठ्ठ्यांचा रंग ठरलेला आहे. रेवासाठी मी सुंदर तक्ता केला: सकाळी काय, शाळेतून आल्यावर काय, झोपताना काय. तिनं तो हरवला. दुसरा केला. त्याच्या मागे तिनं घोरपड काढली. फार चांगली काढली होती. तिसरा मी भिंतीला चिकटवायला लावला. ती त्याच्यासमोर उभी राहून दात घासायची आणि त्यातलं एक अक्षर वाचायची नाही.

अडचण आणखीही एक होती, ती स्कूटरवर बसून फिरायची. रेवा डबा विसरली की आबाजी डबा घेऊन शाळेत. कंपासपेटी विसरली, आबाजी हजर. शाळेचा चौकीदार त्यांना लांबूनच पाहून फाटक उघडायचा. रेवाच्या मेंदूला काही लक्षात ठेवायची गरजच पडत नव्हती. तो स्कूटरच्या डिकीत होता.

"आबाजी, हे बंद करायचं," मी सांगितलं.

"उपाशी राहीन ना पोट्टी."

"डबा नेऊन द्या. बाकी काही नाही."

त्यांनी मान डोलावली. आठवड्याच्या आत एका सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात रेवाची चित्रकलेची वही, खिशात स्कूटरची किल्ली. शाळेकडे निघाले होते, वाटेत मला दिलेला शब्द आठवला म्हणून माझ्याकडे वळले.

"आज तिची चित्रकलेची परीक्षा हाय, बाई. फक्त आजच्या दिवस."

"किल्ली द्या."

"रडत असन ते."

"रडू द्या. किल्ली द्या."

किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि वही मांडीवर घेऊन बसले. "तुमचं काळीज लोखंडाचं हाय काय हो?"

"लोखंड तुम्ही लाटत होता. मी फक्त किल्ल्या घेते."

ते हसले नाहीत. मी चहा केला, तोही त्यांनी घेतला नाही. चित्रकलेचा तास उलटेपर्यंत दोघं तसेच बसून होतो. ती वही त्यांनी एकदाही उघडून पाहिली नाही. तळहातानं नुसती सरळ करत राहिले. मीसुद्धा मनातून शाळेच्या फाटकाशीच होते, हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघंही गेलो असतो.

त्या संध्याकाळी रेवा आली ती डोळे सुजवून. माझ्याशी बोलेना, आबाजींशीही बोलेना. आबाजींना तिला हसवायचं होतं म्हणून ते मिलमधल्या गोष्टी काढून बसले. एक रिलीव्हर होता, तो नेहमी उशिरा यायचा. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो आला नाही तर आधीच्याला खुर्ची सोडता येत नाही. आबाजी एकदा त्याची वाट बघत पुढची अर्धी शिफ्ट बसून राहिले होते. आजीनं केलेलं पिठलं पार गोठून गेलं.

"घरी निघून यायचं ना," रेवा न राहवून बोलली.

"असं कसं? चार्ज द्यावा लागते. मशीन कोन्त्या हालतीत हाय, काय बिघडलं, काय बाकी हाय, ते सारं त्याले तोंडानं सांगायचं. तो म्हणते 'चार्ज घेतला', मंग उठायचं. न सांगता गेलो तर त्याले काय मालूम, दिवसभर काय झालं ते? तो तर आत्ता झोपून उठून आला."

रेवा खिडकीकडे वळली. मला वाटलं, लक्ष पुन्हा खिडकीबाहेर गेलं. मग ती एकदम म्हणाली, "मॅम, सुबहवाली रेवा को भी कुछ मालूम नहीं रहता."

"म्हणजे?"

"टीचरनं काय सांगितलं, होमवर्क काय, ते मले रात्री मालूम असते. सकाळी उठली की सब गायब. ती सकाळवाली पोट्टी अलगच असते. तिले कोनी चार्जच नाही दिला!"

माझ्या तक्त्यांनी जे झालं नव्हतं ते इथं होतं. मी लगेच कागद ओढला आणि लगेच बाजूला ठेवला. कागद हरवला असता. त्याऐवजी आम्ही खुर्ची ठरवली. आबाजींच्या घरात दाराजवळ एक जुनी लोखंडी खुर्ची होती. रोज जेवण झालं की रेवानं दप्तर त्या खुर्चीवर ठेवायचं, समोर उभं राहायचं आणि सकाळच्या रेवाला चार्ज द्यायचा. तोंडानं, मोठ्यानं. सकाळी उठल्यावर त्याच खुर्चीपाशी येऊन रात्री ऐकलेलं परत म्हणायचं, बघून घ्यायचं आणि "चार्ज घेतला" म्हणून दप्तर उचलायचं. आबाजींनी फक्त ऐकायचं. आठवण करायची नाही.

हे शेवटचं त्यांना फार जड गेलं. "रुमाल राहिला तिचा. जिभेवर आला होता माया, दात आवळून बसलो," असं ते मला फोनवर सांगायचे. रेवाचे चार्ज मी काही वेळा स्वतः ऐकले. "गणिताची वही अंदर है. कंपासमध्ये पेन्सिल हाय पन टोक नाही, ते सकाळी कर. टीचरले सॉरी म्हन. मोजे दोन्ही पायाचे हायेत, मी पाह्यले. बाकी: आबाजीची गोळी." मग खुर्चीकडे बोट करून दम द्यायची, "और सुन, झोपून नको राहू."

जादू झाली नाही. कधी चार्ज दिला आणि दप्तर खुर्चीवरच ठेवून शाळेत गेली. कधी सहलीहून आली आणि खुर्ची आहे हेच विसरली. प्रत्येक वेळी आम्ही पुन्हा खुर्चीपासून सुरुवात केली. पायवाटेवर चार दिवस कोणी चाललं नाही की गवत उगवतं, पण वाट कुठे होती ते कळतं. थंडी सरता सरता शाळेच्या चिठ्ठ्या थांबल्या. चौकीदारानं आबाजींना बाजारात गाठून विचारलं, "दादाजी, तबियत ठीक है ना? आजकल आते नहीं."

आबाजींनी हे मला तीनदा सांगितलं. पहिल्या दोन वेळा हसत.

वार्षिक परीक्षेला रेवाचे वडील आले. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही, फक्त रात्री सोफ्यावर बसून चार्ज ऐकला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, जरा वेळ माझ्या टेबलावरचे पेन एका ओळीत लावत बसले आणि म्हणाले, "मले कोनी हे शिकवलं नाही, ताई." मग म्हणाले, "राहू द्या तिले इथंच."

त्या दिवशी आबाजी कोहक्यातल्या शेजारणीच्या हातची ठेठरी पिशवीभर घेऊन आले. बेसनाची ती कडक कडी मला कधीच चाववत नाही. तरी मी दाताखाली धरून तासभर चघळली. आम्ही जिंकलो होतो. रेवा राहणार होती.

माझ्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. शिक्षकाकडे जुने विद्यार्थी पेढे घेऊन येतात. डॉक्टरांना माणसं रस्त्यात नमस्कार करतात. माझं काम नीट झालं, तर मूल मला विसरतं. सुपरवायझर जागेवर आला की तो कोणी आणून बसवला हे कोण लक्षात ठेवतं? तसंच व्हायला हवं. वस्तू विसरणाऱ्या मुलांनी मला लक्षात ठेवावं असं वाटणं म्हणजे आपल्याच कामाविरुद्ध जाणं आहे. मी हे स्वतःला नीट समजावलेलं आहे. तरी बाजारात एखादा उंच मुलगा हातात पिशवी, पिशवीत नीट रचलेली भाजी घेऊन शेजारून निघून जातो, तेव्हा मी कांदे निवडत जरा जास्त वेळ उभी राहते.

रेवाला दहावीपर्यंत माझी गरज उरली नव्हती. तरी अधूनमधून ती यायची, लहान मुलांना खुर्चीचा खेळ शिकवायची. दहावी झाल्यावर तिनंच ठरवलं, पुढचं शिक्षण नागपूरला घ्यायचं. कोणी नेत नव्हतं. सहावीत जी मुलगी 'नहीं जाऊँगी' म्हणून दारात उभी होती, तिनं स्वतःचं तिकीट काढलं, स्वतःची पेटी भरली आणि पेटीच्या झाकणाला आतून काय काय आहे ते चिकटवलं. राहता यावं म्हणून जे शिकवलं, त्याच्याच जोरावर ती निघाली. आबाजी म्हणाले, "तुमी लयच चांगलं शिकोलं, बाई." टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

दुर्ग स्टेशनवर तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. आबाजी पाण्याची बाटली आणायला वळले तेव्हा रेवानं माझा हात धरून मला बाकाजवळ उभं केलं.

"मॅम, चार्ज देते."

मला वाटलं, गंमत करते आहे. ती करत नव्हती.

"आबाजी चष्मा फ्रिजवर ठेवतात अन् घरभर ढूंढतात. बीपीची गोळी जेवणानंतर. 'जेवलो' म्हनतीन, भरोसा नका करू, कुकर उघडून पाहायचा. स्कूटरचा ब्रेक ढिला हाय, पप्पाले सांगितलं मी. फोनवर खोकला लपवतात." तिनं श्वास घेतला. "बाकी: चार वाजता ते गेटपाशी खुर्ची टाकून बसतीन. मेरी बस का टाइम है. त्यायले उठवू नका. बसू द्या."

मी नुसती मान डोलावली. तिनं भुवया वर केल्या. चार्ज पुरा झालेला नव्हता.

"चार्ज घेतला," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आबाजींना फोन करायचे आणि जमेल तेव्हा कोहक्याला चक्कर टाकायचे. कुकर उघडून पाहायचे. ते ओरडायचे, "पोलीस हाय काय तुमी?" चष्मा फ्रिजवरून काढून त्यांच्या हातात द्यायचे. चार वाजता गेलेली असले तर त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची घ्यायचे. शाळेची बस यायची, वळणावर थांबायची, कोणाकोणाची मुलं उतरायची आणि बस निघून जायची. आबाजी म्हणायचे, "गेली." मग आम्ही आत जाऊन चहा करायचो. रेवाबद्दल त्या वेळी बोलायचं नाही, हे न ठरवताच ठरलं होतं.

यंदा उन्हाळ्यात रेवा आली, वडिलांना घेऊन. आबाजींना आता एकट्यानं जिना उतरणं होत नाही. त्यांना नागपूरला न्यायचं, घर विकायचं नाही, बंद ठेवायचं. आबाजींनी फार वाद घातला नाही. आमच्या ओळखीतली पुष्कळ मराठी घरं अशीच रिकामी झाली. नोकरीसाठी विदर्भातून आलेली माणसं, कोणी परत नागपूरकडे, कोणी मुलांच्या मागे पुण्याला. दाराच्या वरची नावाची पाटी तेवढी इथं राहते.

निघायच्या सकाळी रेवा माझ्याकडे आली. आता माझ्यापेक्षा उंच आहे. खुर्चीत बसली नाही.

"द्या, मॅम."

"काय?"

"चार्ज. काय म्हणजे? तुमच्याकडेच होता ना इतके साल."

मी दिला. उजव्या गुडघ्याला तेल, सकाळीच. खोकला आता लपवत नाहीत, कारण लपत नाही. बातम्या मोठ्या आवाजात लावतात, कमी करू नकोस, कमी केला की वाटतं घरात कोणी नाही. साखर दुसऱ्या डब्यात लपवतात, त्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी आहे, ती माझीच आहे. ती हसली. मी सांगत गेले आणि मला दिसत होतं, ती लिहून घेत नव्हती. ओठ हलवत एकेक गोष्ट जागेवर ठेवत होती, खुर्चीसमोर उभी राहून ठेवायची तशी. कोणत्याही यंत्रातून मला याहून जास्त काही दिसलं नसतं.

"बाकी?" तिनं विचारलं.

बाकी काय, ते मला सांगता आलं असतं. "काही नाही," मी म्हणाले.

"चार्ज घेतला," रेवा म्हणाली, आणि पाया पडून निघाली. बाटली टेबलावर राहिली का ते मी पाहिलं. राहिली नव्हती.

आता माझा फोनचा वेळ मोकळा झाला आहे. नवी मुलं येतात, एकाचा कालच बूट राहिला. काम आहे, आणि ते मला आवडतं. फक्त कोहक्याच्या त्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी घालायला. मी सहसा चारच्या सुमारास जाते. पाणी घालून झालं की गेटपाशी खुर्ची टाकते. बस वळणावर थांबते, मुलं उतरतात, बस जाते.

त्यानंतर उठायला हरकत नसते. पण रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे आबाजींचं ऐकून ऐकून माझ्याही अंगवळणी पडलं आहे.